कधीच न जन्मलेला माणूस ओळखीचा का वाटतो?

दिवाळी अंकातली कथा वाचता वाचता माणूस मध्येच थांबतो आणि म्हणतो, "हा तर आमच्या गल्लीतला तात्या!" कथा लिहिणारा पारोळ्याचा, वाचणारा यावलचा. लिहिणाऱ्याने यावलच्या तात्याला जन्मात पाहिलेलं नाही. पात्राचं नाव वेगळं, धंदा वेगळा, वयही वेगळं. तरी तात्या तिथे सापडतो. कधी तर खऱ्या तात्याबद्दल वीस वर्षांत न उमगलेली गोष्ट त्या पाच पानांत उमगते.

हे कसं घडतं, पात्राच्या नेमक्या कोणत्या भागामुळे घडतं आणि लिहिताना कुठे बिघडतं, ते इथे उलगडून सांगायचं आहे. उदाहरणं खानदेशातली आहेत. पात्र उभं राहायला गाव, पीक, बोली आणि देणं-घेणं लागतं, आणि ते कुठलं तरी एकच असावं लागतं.

आधी एक जुना प्रयोग. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक छोटीशी फिल्म तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारं दार असलेला एक चौकोन, एवढंच होतं. आकृत्या सरकतात, आत-बाहेर करतात, एकमेकींना धडकतात. ही फिल्म ३४ जणांना दाखवून "काय दिसलं ते लिहा" असं सांगितलं. एक जण सोडला तर बाकी सगळ्यांनी त्या आकृत्यांबद्दल सजीवांसारखं लिहिलं: मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरलंय, छोटा त्रिकोण त्याला सोडवायला येतो. ना चेहरा, ना नाव, ना एक शब्द. तरी माणसं दिसली, कारण कोण कशाकडे जातोय, कोण कोणाला अडवतोय आणि कोण माघार घेतोय हे दिसत होतं.

पात्र घडवणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं. नाक, मिशी, धोतर यांच्या वर्णनाने माणूस ओळखू येतो असं आपल्याला वाटतं. खरं तर वाचकाचं मन हालचालीवरून माणूस रचतं: त्याला काय हवंय, मध्ये काय आडवं आलंय आणि मग तो काय करतो.

दुसरा प्रयोग याच्या उलट बाजूचा आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभाव-चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "हे तुझं वर्णन" म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं त्याला शून्य ते पाच गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. सगळ्या कागदांवर मजकूर एकच होता आणि त्यातला बराचसा बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. "तुमच्यात खूप क्षमता आहे, पण ती पूर्ण वापरली जात नाही" अशा धाटणीची वाक्यं. कोणालाही लागू पडतील अशी.

म्हणजे ओळख पटण्याचे दोन प्रकार झाले. एक स्वस्तातला: वाक्य इतकं सैल की कोणीही त्यात मावतो. राशिभविष्य असंच चालतं, आणि खूपशा कथाही दुर्दैवाने अशाच चालतात. दुसरा प्रकार अवघड. गोष्ट इतकी नेमकी की ती हजारात चौघांनाच लागू पडावी, पण त्या चौघांना मात्र आपलं कपाट कोणीतरी उघडून पाहिल्यासारखं वाटावं. या लेखात जे काही आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

एक माणूस घडवून पाहू

पंढरी आप्पा. वय ६७, निवृत्त प्राथमिक शिक्षक, भडगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं गाव. हा माणूस कुठेही नाही. या लेखापुरता घडवला आहे. पहिला खर्डा बहुतेक जण असा लिहितील:

"पंढरी आप्पा स्वभावाने साधे, प्रामाणिक आणि मितभाषी होते. गावात त्यांना मान होता. पतसंस्था बुडाल्यापासून मात्र ते पार खचून गेले होते."

व्याकरणात चूक नाही, माहितीत चूक नाही, आणि माणूसही नाही. साधे, प्रामाणिक, मितभाषी हे लेखकाने आधीच देऊन टाकलेले निकाल आहेत. वाचकाला स्वतः काही ताडायला उरलं नाही, की पात्रातला त्याचा रस संपतो. "खचून गेले" हेही तसंच. खचलेला माणूस सकाळी उठून काय करतो, ते सांगायचं राहूनच गेलं.

आता हिशेब मांडू. पात्राचा पैशांचा हिशेब कागदावर मांडणं ही मला सगळ्यात उपयोगी पायरी वाटते, आणि लिहिणारे सगळ्यात जास्त टाळतात तीही हीच.

त्या काळी बँक ८ टक्के व्याज देत होती आणि तालुक्याची पतसंस्था १२ टक्के, असं धरू. चक्रवाढीने ८ टक्क्यांत पैसे दुप्पट व्हायला ९ वर्षं लागतात, १२ टक्क्यांत ६. आप्पा गणित शिकवणारे. त्यांनी हे ओट्यावर बसून पेन्सिलीने चौघांना समजावून सांगितलं. स्वतःचे निवृत्तीचे ३ लाख ठेवले. धाकट्या भावाने कपाशी विकून आलेले ८० हजार ठेवले. पाचोऱ्याला दिलेल्या बहिणीने ५० हजार ठेवले. आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईने, शांताबाईने, २० हजार. सगळ्यांनी पावती घेतली ती पतसंस्थेची, पण विश्वास ठेवला तो "गुरुजींनी सांगितलं" या शब्दावर. पुढे पतसंस्थेने पैसे देणं बंद केलं.

आकडे मांडले आणि माणूस आपोआप हलायला लागला. सगळ्यात मोठी रक्कम आप्पांची स्वतःची आहे, पण त्यांची झोप उडाली आहे ती सगळ्यात लहान रकमेपायी. भाऊ शेतकरी आहे, पुढच्या हंगामात उभा राहील. बहिणीची मुलं कमावती आहेत. शांताबाईचे २० हजार म्हणजे तिची सगळी पुंजी. कायद्याने आप्पा तिचं एक पैसाही देणं लागत नाहीत. पेन्शन येते, त्यातून थोडं थोडं देता येईल. पण उघड दिलं तर दोन गोष्टी होतील: चूक आपली होती हे कबूल केल्यासारखं होईल, आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे दारात येतील.

मग आप्पा काय करतात? इथे लेखकाने खऱ्या आयुष्यातलं उत्तर शोधत बसू नये, स्वतः शोधून काढावं. आप्पांची वाट अशी: दर उन्हाळ्यात ते शांताबाईला ज्वारीचे बिबडे (वाळवून ठेवायचे पापड) करायला सांगतात. घरात माणसं दोन, बिबडे पंधरा किलोंचे. मजुरी चालू दरापेक्षा चांगलीच जास्त, आणि "लसूण छान घातलास हो" म्हणून वर आणखी शंभर. माळ्यावर गेल्या साली केलेले डबे तसेच पडून आहेत. बायकोला सगळं कळतं. ती एक शब्द बोलत नाही. नवे डबे आले की जुने पुढे सरकवून जागा करते.

आता "प्रामाणिक", "अपराधी", "स्वाभिमानी" यातला एकही शब्द लिहायची गरज नाही. डबे ते काम करतात.

इथेच विसंगती घालायची. आप्पा शांताबाईशी मवाळ आहेत, पण सख्ख्या भावाशी तुसडे वागतात. कारण नसताना विसंगती घातली की पात्र लहरी वाटतं. दोन्ही वागण्यांखाली कारण एकच असलं की खरं वाटतं. शांताबाईचं देणं बिबड्यांच्या नावाखाली फेडता येतं. भावाचे ८० हजार फेडण्याची वाटच नाही. ज्याचं फेडता येत नाही त्याच्यावर माणूस चिडतो. ही ओळ कथेत लिहायची नाही, पण लेखकाला ती ठाऊक हवी.

आता प्रसंग. भावाची बायको फाल्गुनात सकाळी येते. डोक्यावरचा पदर सावरून दाराच्या चौकटीशी उभी राहते.

"आप्पा, वैशाखमा पोरनं लगीन शे."

आप्पा चष्मा पुसतात. घरात, मळ्यात, देवळात जन्मभर अहिराणी बोललेला हा माणूस तिला उत्तर देतो:

"अर्ज दिलेला आहे. कार्यवाही सुरू आहे."

एवढंच. लाज लपवायला आप्पा कचेरीच्या मराठीचा आडोसा घेतात. भावजयीला ते लगेच कळतं, कारण लग्न होऊन आल्यापासून या घरात आजवर कोणी तिच्याशी असं बोललेलं नाही. आणि त्या वर्षी पाचोऱ्याची बहीण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येत नाही. तिचं काहीच म्हणणं नसतं. ती फक्त येत नाही. गौराईची गाणी चाललेली असतात, झोका बांधलेला असतो आणि आप्पा दुपारभर एसटीच्या वेळा मोजत ओट्यावर बसलेले असतात.

रावेरच्या वाचकाला हे आपलं का वाटतं

रावेरकडे केळीवाले लोक. तिथल्या वाचकाचा पतसंस्थेशी कधी संबंधही आला नसेल. पण तिथे दुसरा माणूस असतो: ज्याने एका व्यापाऱ्याला गावात आणलं, "माल द्या, माणूस चांगला आहे" असं चौघांना सांगितलं, आणि व्यापारी कापणी करून माल घेऊन गेला तो पैसे न देताच. धुळ्यात तो नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याची ओळख करून देणारा मामा असतो. सोयरीक जमवून दिलेला आणि पुढे मुलीचं बिनसल्यावर दोन्ही घरांना चुकवत फिरणारा मध्यस्थ तर प्रत्येक गावात असतो.

या सगळ्यांमध्ये सामान वेगळं आहे, गाठ एकच: शब्द दिला, शब्द बुडाला, कायद्याने देणं नाही, पण रोज त्याच गल्लीतून जायचं आहे. वाचक ही गाठ ओळखतो आणि तिला आपल्या ओळखीच्या माणसाचा चेहरा चिकटवतो. चेहरा लेखकाने दिलेलाच नसतो.

यातून एक चुकीचा धडा घेतला जातो, म्हणून स्पष्ट सांगतो. गाठ सर्वत्र एकच आहे म्हणजे पतसंस्था, बिबडे, भडगाव हे सगळं गाळून "एका संस्थेत काही रक्कम अडकली" असं मोघम लिहावं, म्हणजे जास्त लोकांना लागू पडेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. घडतं उलटं. रक्कम मोघम झाली की २० हजार आणि ८० हजार यातला फरक गेला. तो गेला की आप्पा कोणाशी मवाळ आणि कोणाशी तुसडे याचं कारण गेलं. कारण गेलं की गाठच सुटली. वाचकाला गाठ दिसते ती तपशिलांच्या आधारानेच.

ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी यातला मुद्दा पकडला होता. त्याचं म्हणणं असं की इतिहास घडलेलं सांगतो आणि काव्य अमुक तऱ्हेचा माणूस काय बोलेल, काय करेल ते सांगतं, म्हणून काव्य जास्त व्यापक असतं. त्यातला "अमुक तऱ्हेचा" हा भाग महत्त्वाचा. तऱ्हा नेमकी करावी लागते.

खऱ्या माणसालाच का लिहू नये

लिहायला हरकत नाही, चरित्र असंच लिहितात. पण कथेत खरा माणूस जसाच्या तसा उचलला की तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, आतलं दिसत नाही. शेजारचा माणूस चाळीस वर्षं शेजारी राहिला तरी रात्री दोन वाजता तो छताकडे बघत काय मोजतो ते आपल्याला कळत नाही. काल्पनिक पात्राचं आपण ते ठरवू शकतो. वाचक स्वतःला ओळखतो तो बहुतेक वेळा याच जागी, जे त्याने कोणालाच सांगितलेलं नाही तिथे.

दुसरं, खऱ्या आयुष्याला कारण लागत नाही. खरा माणूस एके दिवशी उठून सगळं विकून सुरतेला निघून जातो आणि का गेला ते कोणालाच कळत नाही. कथेत तेच लिहिलं की वाचक म्हणतो, "हे काही पटलं नाही." त्यावर लेखक म्हणतो, "पण हे असंच घडलं होतं!" हे उत्तर चालत नाही. घडलं होतं हा पुरावा आहे, कारण नव्हे.

तिसरं, लेखकाचे त्या माणसाशी संबंध असतात. उपकार असले तर तो त्याला वाचवतो, राग असला तर झोडतो. रागातून लिहिलेलं पात्र दोन पानांत ओळखू येतं: त्याला एकही चांगलं वाक्य बोलायला मिळत नाही.

म्हणून अनुभवी लेखक मिसळतात. मिसळण्याचीही रीत आहे. एका खऱ्या माणसाची बोलण्याची ढब, दुसऱ्याचा पेच, तिसऱ्याचं काम किंवा हातांची सवय, आणि निर्णय मात्र पूर्ण स्वतःचा. एका माणसाकडून एकाहून जास्त गोष्टी घ्यायच्या नाहीत, हा नियम पाळला तर नक्कल होत नाही. पण नुसते तुकडे जोडले की गोधडी होते, माणूस होत नाही. तुकडे एकमेकांना पटले पाहिजेत. पिकअप चालवणाऱ्या तिशीतल्या पोराची बोलण्याची घाई पेन्शनवाल्या आप्पांना दिली तर बिबड्यांची युक्ती त्यांना सुचणारच नाही. ती युक्ती वर्षानुवर्षं वहीत हजेरी मांडणाऱ्या माणसाची आहे. पटतंय का हे पाहायचं तर प्रत्येक तुकड्याला विचारावं: हे याच्या कामातून आलं, वयातून आलं की घरातून? तिन्हींतून आलं नसेल तर तो तुकडा काढून टाका, कितीही आवडला असला तरी.

काम आणि पीक पात्राचं घड्याळ ठरवतात, हेही इथेच सांगायला हवं. केळीवाल्याला घाई करताच येत नाही. जून-जुलैत लावलेली मृगबाग कापणीला यायला वर्ष जातं. सहा बाय पाच फुटांवर एकरी साधारण साडेचौदाशे खोडं बसतात. मे-जूनच्या वादळात घडाने लादलेलं खोड मोडलं तर ते पुन्हा उभं करता येत नाही. लग्नाची तारीख कापणीवर धरलेल्या बापाचा जीव त्या पंधरा दिवसांत कुठे असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला "तो चिंतेत होता" असं लिहावं लागत नाही. तो त्याला दुपारी मोबाइलवर हवामान बघायला लावतो, आणि लग्नाच्या पत्रिका छापायला टाकू देत नाही.

बोली

खानदेश म्हटलं की सगळ्या पात्रांच्या तोंडी "शे" आणि "व्हयना" घालायचं, ही चूक बाहेरचे करतातच, आपलेही करतात. भडगाव, अमळनेर, पारोळा, धुळे, साक्री, शिंदखेडा इकडे अहिराणी. रावेर-यावलच्या लेवा पाटील घरात लेवा बोली. शहादा-तळोद्याच्या गुजर घरात गुजरी. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात पावरी, भिली. एकाच बसमध्ये या सगळ्या ऐकू येतात. रावेरच्या केळीवाल्या आजीला साक्रीची अहिराणी बोलायला लावली की तिथला वाचक पहिल्या संवादालाच पुस्तक मिटतो, आणि ते योग्यच आहे.

किती बोली घालायची? संवादात क्रियापद आणि विभक्ती बोलीतली आली की पुरतं. प्रत्येक शब्द बोलीत लिहिला की नाशिकपलीकडचा वाचक अडखळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणूस बोली कधी सोडतो आणि कधी धरतो. तहसील कचेरीत प्रमाण मराठी, रागात अहिराणी, शहरात शिकणाऱ्या नातवाशी अर्धी हिंदी. बदल कुठे झाला ती जागा टिपली तर आप्पांच्या त्या दोन वाक्यांसारखं काम होतं. अहिराणी फक्त हसवायला वापरणारे व्हिडिओ मोबाइलवर खूप फिरतात. त्यातली पात्रं गमतीची असतात, पण कथेत तोच सूर आणला की बोलणाऱ्याचं दुःखही विनोदी ऐकू येतं. बोली ही माणसाची रडण्याचीही भाषा आहे, हे विसरून चालत नाही.

टिपणं कशी ठेवायची

एसटी स्टँड, दूध डेअरीची रांग, सोसायटीचं ऑफिस, दवाखान्याचा बाक, आठवडे बाजार. जिथे माणसं थांबलेली असतात तिथे जा. ऐकलेलं त्याच संध्याकाळी चार ओळींत लिहा: काय म्हणाला ते जसंच्या तसं, कोणाला म्हणाला, तेव्हा हातात काय होतं, आणि कोणता विषय त्याने टाळला. चौथी ओळ बहुतेक वेळा रिकामी राहते. ती भरायला शिकलात की पात्रं घडायला लागतात. फोनवर चोरून ध्वनिमुद्रण करू नका. ते अयोग्य तर आहेच, शिवाय त्यात टाळलेला विषय येत नाही. वहीत खरं नाव लिहू नका, एखादं अक्षर पुरे. वही कोणाच्याही हाती पडू शकते.

"सर्व पात्रे काल्पनिक"

या ओळीमागे खटले आहेत. १९०८ साली इंग्लंडच्या एका साप्ताहिकाने फ्रान्समधल्या दिएप इथल्या मोटार-उत्सवावर लेख छापला. त्यात आर्टेमस जोन्स नावाचा, घरी चर्चचा पदाधिकारी म्हणून मिरवणारा गृहस्थ तिथे परस्त्रीबरोबर दिसल्याचं लिहिलं होतं. नाव मनाने घेतलेलं आहे असं साप्ताहिकाचं म्हणणं. पण आर्टेमस जोन्स नावाचा खरा वकील निघाला, तो कोर्टात गेला आणि त्याला १,७५० पौंड भरपाई मिळाली. पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सनेही, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानेही, निकाल कायम ठेवला: लिहिणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा वाचणाऱ्या शहाण्या माणसाला कोण वाटला, ते मोठं.

दुसरा खटला सिनेमाचा. एमजीएम या अमेरिकी चित्रपट कंपनीने १९३२ साली, रशियाच्या राजघराण्यात वजन असलेल्या रास्पुतिन या साधूवर चित्रपट काढला. त्यातल्या नताशा या राजकन्येवर रास्पुतिन अत्याचार करतो. नाव बदललेलं होतं, पण ही आपणच असं लोकांना वाटतं, असं म्हणत राजकन्या इरिना युसुपोव्ह लंडनच्या कोर्टात गेली. ज्युरीने २५,००० पौंड दिले आणि १९३४ मध्ये अपिलातही ते टिकले. चित्रपटांच्या सुरुवातीची ती ओळ त्यानंतर रूढ झाली.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीबद्दल आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. मृत व्यक्तीबद्दल आणि लोकांच्या समूहाबद्दल लिहिलेलंही त्यात येऊ शकतं. "सर्व पात्रे काल्पनिक" ही ओळ ढाल म्हणून पुरत नाही. नाव बदलून माणूस लपत नाही. लहान गावात "ज्याच्या दारात पांढरी जीप उभी असते तो" हा पूर्ण पत्ताच असतो. म्हणून धंदा, मुलांची संख्या, गाव, वाहन, टोपणनाव, शरीरातलं व्यंग यातल्या तीन-चार गोष्टी तरी बदला. छापण्याआधी नाव, गाव आणि धंदा एकत्र टाकून शोधून पाहा. पाटील, महाजन, चौधरी तर गावोगाव आहेत, एकटं आडनाव कोणाला दाखवत नाही. तिन्ही गोष्टी एकाच माणसावर जाऊन बसल्या की धोका. आणखी एक: आपल्याकडे आडनावावरून जात कळते. कथेतली सगळी वाईट माणसं एकाच आडनावाची असली तर तो त्या समाजावरचा आरोप म्हणूनच वाचला जातो, तुमच्या मनात असो वा नसो.

आणि कायद्यापलीकडचं: ज्याच्या आयुष्यातला पेच तुम्ही घेतला, त्याने कथा वाचली तर त्याला उद्या बाजारात फिरता आलं पाहिजे. हे आधी बघावं, छापण्याचं नंतर.

कस लावण्याची रीत

कथा पाच जणांना द्या, पाच वेगवेगळ्या गावांतल्या. एकच प्रश्न विचारा: "हा कोणासारखा वाटला?" पाचही जणांनी एकाच खऱ्या माणसाचं नाव घेतलं, तर ती नक्कल झाली, मिसळण्याकडे परत जा आणि निर्णय बदला. कोणीच कोणाचं नाव घेतलं नाही, तर पात्र सैल आहे किंवा साचा आहे: इरसाल म्हातारा, सोशिक सून, भ्रष्ट सरपंच. पाच जणांनी पाच वेगळी नावं घेतली, आणि त्यातलं एखादं त्यांचं स्वतःचं निघालं, तर पात्र लागलं.

मग दुसरा प्रश्न, कथेत नसलेल्या प्रसंगाचा. आप्पांच्या बाबतीत असा विचारता येईल: पतसंस्थेने ठेवींपैकी दहा टक्के परत द्यायचं जाहीर केलं, म्हणजे आप्पांना ३० हजार मिळणार. सकाळी पावत्या घेऊन रांगेत उभं राहायचंय. आप्पा जातील का? एक म्हणेल जातील, पण शांताबाईला आधी पुढे उभं करतील आणि स्वतः शेवटी राहतील. दुसरा म्हणेल जाणारच नाहीत, रांगेत भाऊ असणार. तिसरा म्हणेल पहाटेच जाऊन पहिला नंबर लावतील, म्हणजे कोणाशी नजर मिळवावी लागणार नाही. तिघांची उत्तरं वेगळी असली तरी तिघांनी आधार कथेतलाच घेतला, म्हणजे आप्पा आपल्या पायावर उभे आहेत. उलट कोणी म्हणालं, "जातील की, ३० हजार मिळतायत ना", तर त्या वाचकापर्यंत आप्पा पोचलेच नाहीत. अशा वेळी वर्णनं वाढवू नका. हिशेबाच्या कागदाकडे परत जा आणि २०, ५० आणि ८० हजार कोणाकोणाचे होते, हे कथेत पुरेसं लवकर आलंय का ते तपासा. बहुतेक वेळा तो आकडा सातव्या पानावर असतो आणि दुसऱ्या पानावर हवा असतो.